सरांचं लाल पेन आणि न बघितलेलं व्हाउचर

प्रिय ताई,

मी नाशिकच्या एका सीए फर्ममध्ये आर्टिकल आहे, म्हणजे सीए होण्यासाठीची उमेदवारी करतेय. पहिलं वर्ष संपत आलंय. फर्म लहान, सरांचं नाव मोठं, आणि धाक त्याहून मोठा. फाईल दिली की समासात लाल पेनानं नुसतं 'का?' नाहीतर 'कुठे बघितलं?' एवढंच लिहून परत येते. एका बँक रेकोसाठी (बँकेचा आणि वहीतला हिशेब जुळवायला) मी चारदा बसले. मागच्या वर्षीचा वर्किंग पेपर (तपासणीच्या नोंदींचा कागद) उघडून नुसते आकडे बदलले, तर पाच मिनिटांत त्यांच्या लक्षात येतं. निफाडच्या एका खत दुकानदाराचा स्टॉक मोजायला गेले होते. युरियाची ८०० पोती बरोबर मोजली आणि वजन लावलं ५० किलोनं. सर म्हणाले, "उद्या परत जा आणि पोत्यावर काय छापलंय ते वाचून ये." एस.टी.नं परत गेले. ४५ किलो छापलेलं होतं.

इथपर्यंत ठीक. पण गेल्या महिन्यात क्लायंटच्या ऑफिसात, त्यांच्या अकाउंटंटसमोर सर म्हणाले, "ही फाईल आहे की रद्दी?" वॉशरूममध्ये जाऊन रडले. सीझनमध्ये रोज रात्रीचे साडेनऊ होतात. (उशीर झाला की सर स्वतः खाली येऊन रिक्षा करून देतात आणि रिक्षाचा नंबर लिहून घेतात, हे मात्र सांगायला हवं.) माझी मैत्रीण पुण्यात आर्टिकलशिप करते, ती दुपारी तीनला घरी असते. आई म्हणते, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. बाबा म्हणतात, आचरेकर सरांनी सचिनलासुद्धा कधी 'वेल प्लेड' म्हटलं नाही. मी दुसऱ्या फर्ममध्ये बदली घेऊ का?

अजून एक. सध्या ज्या कंपनीचं ऑडिट चालू आहे तिथं एक व्हाउचर (खर्चाच्या नोंदीचा कागद) मी न बघताच टिक केलं. फाईल सापडत नव्हती, तेवढ्यात निघायची वेळ झाली. रिपोर्टवर सही व्हायची आहे. सरांना सांगायची हिंमत होत नाही. आणि काल नव्या ज्युनिअरवर मी अगदी सरांच्याच सुरात ओरडले.

— धास्तावलेली आर्टिकल, नाशिक

*

प्रिय धास्तावलेली,

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी तुला मेलवर दोन ओळी धाडल्या होत्या: आधी व्हाउचर शोध, मग सरांना सांग, आणि हे दोन्ही सही व्हायच्या आत. बाकीचं सावकाश लिहिते म्हटलं होतं, ते हे.

तू बदलीचं आधी विचारलंस आणि व्हाउचर पत्राच्या शेपटाला लावलंस. मी क्रम उलटा धरणार आहे. बदली घ्यावी की नाही, हे त्या व्हाउचरपाशीच कळेल असं मला वाटतं.

टिक म्हणजे काय, हे तुला पहिल्याच आठवड्यात सांगितलं असेल, पण सीझनच्या घाईत ते हातातून निसटतं आणि टिक म्हणजे नुसती खूण होऊन बसते. "हे मी डोळ्यांनी बघितलं" असं तू लिहून दिलेलं असतं. त्याच्या भरवशावर तुझा सीनियर पुढचं काम करतो, त्याच्या भरवशावर सर सही करतात, आणि त्या रिपोर्टला सरांच्या नावाचा यूडीआयएन (सही केलेल्या कागदाचा ओळख क्रमांक) पडतो. तुझं नाव त्या कागदावर कुठेच नसतं. लाल पेन इतकं का चालतं, याचं निम्मं उत्तर इथं आहे. चूक तुझी असली तरी निस्तरावी लागते ती त्यांना.

उरलेलं निम्मं उत्तर तुझ्या अभ्यासाच्या पुस्तकात आहे. एसए २३०, ऑडिटच्या नोंदी कशा ठेवायच्या ते सांगणारं मानक, उघड. फाईल कशी असावी हे तिथं सांगितलंय: ज्याचा या ऑडिटशी आधी काडीचाही संबंध नव्हता, अशा अनुभवी ऑडिटरला नुसती फाईल वाचून कळलं पाहिजे की कोणतं काम केलं, कधी केलं, किती केलं, काय पुरावा मिळाला आणि निष्कर्ष कशावरून काढला. रिपोर्टच्या तारखेपासून ६० दिवसांत फाईल लावून बंद करायची आणि पुढं ७ वर्षं सांभाळायची. तोवर तू कुठल्या तरी कंपनीत मॅनेजर असशील आणि निफाडची पोती तुझ्या स्वप्नातही येणार नाहीत. पुढं कधी ती उघडली गेली, तर फाईलला विचारलं जाईल, "कुठे बघितलं?" तुझे सर तोच प्रश्न आज विचारतायत, उत्तर देणारी समोर बसलेली असताना. २०१८ साली एनएफआरए ही ऑडिटर्सवर देखरेख करणारी सरकारी संस्था आल्यापासून शेअर बाजारात नोंदलेल्या आणि मोठ्या कंपन्यांच्या ऑडिटर्सची तर रीतसर झडती होते, आणि तिथं "आम्ही बघितलं होतं, फक्त लिहिलं नव्हतं" हे उत्तर चालत नाही. सरांचे क्लायंट त्या यादीत नसतीलही. सवय मात्र क्लायंटच्या आकाराप्रमाणे बदलत नाही.

युरियाचंच घे. ८०० पोती ५० किलोनं धरली तर ४० टन, ४५ नं धरली तर ३६. चार टन खत तू कागदावर तयार केलंस, आणि तेही पोती अगदी बरोबर मोजून! युरियाचं पोतं २०१८ पासून ५० चं ४५ किलोचं झालं, डीएपी या दुसऱ्या खताचं अजून ५० चंच आहे. हे सर तुला जागेवर सांगू शकले असते. दोन सेकंदांचं काम. त्यांनी तुला एस.टी.नं परत पाठवलं. त्या दिवशी चरफडली असशील, पण आता कुठल्याही गोदामात शिरलीस की आधी पोत्यावरची छपाई वाचशील, हे मी पैजेवर सांगते. मीही त्यातूनच गेलेय. आमच्या सरांनी आम्हाला थप्पीवर चढायला लावलं होतं, कारण बाहेरून चौकोनी दिसणारी थप्पी मधून पोकळ रचता येते आणि रुंदी गुणिले लांबी गुणिले उंची करणाऱ्याला तिथं नसलेली पोतीही मोजून मिळतात. मी तेव्हा साडी नेसून ऑफिसला जायचे. पुढचं तू समजून घे.

आता सत्यम या आयटी कंपनीची गोष्ट. तू तेव्हा अगदी लहान असशील. ७ जानेवारी २००९ ला कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजूंचं पत्र बाहेर आलं आणि कळलं की ताळेबंदातली रोख आणि बँकेतली मिळून ५,०४० कोटी रुपयांची शिल्लक अस्तित्वातच नव्हती. लोकांनी विचारलं, अहो, बँकेत पैसे आहेत की नाहीत हे ऑडिटरला कळू नये? पुढं २०११ साली अमेरिकेच्या नियामकांनी जो ठपका ठेवला त्यात याचं उत्तर होतं: बँकांकडून शिल्लक कळवणारी पत्रं मागवायचं काम ऑडिटरनी स्वतःच्या हातात ठेवलं नाही, ते कंपनीकडं सोपवलं आणि कंपनीनं आणून दिलेल्या कागदांवर विसंबले. एसए ५०५ हे मानक सांगतं ते हेच, पत्र तुमच्या ताब्यात पाठवा आणि उत्तर थेट तुमच्याकडं येऊ द्या. इतक्या मोठ्या प्रकरणाच्या बुडाशी इतकी साधी, कंटाळवाणी पायरी होती. आणि ती गाळणारी माणसं अडाणी नव्हती. चांगल्या कॉलेजांतली, हुशार, तुझ्यासारखीच रात्री उशिरापर्यंत बसणारी असतील.

हे सगळं सरांची तरफदारी करायला लिहीत नाहीये. मला पुढचं बोलायचंय.

कडक सर दोन तऱ्हेचे असतात आणि वरून अगदी सारखे दिसतात. दोघेही फाईल चारदा परत पाठवतात, दोघांच्या केबिनमध्ये शिरताना पोटात गोळा येतो. फरक कळतो तो हाताखालच्या माणसाकडून चूक होते तेव्हा. एकाच्या हाताखाली माणूस दोन वर्षांत असा तयार होतो की चूक दिसली की आधी स्वतःच जाऊन सांगतो. दुसऱ्याच्या हाताखाली तितक्याच मेहनतीनं तो चूक झाकायला शिकतो. कोणता कागद वर ठेवायचा, कोणता मागं, सर कोणतं पान उघडत नाहीत, हे त्याला पाठ होतं. दोघंही 'शिस्तीत तयार झालेले' म्हणून मिरवतात. ऑडिटमध्ये तर दुसऱ्या तऱ्हेचा माणूस घातकच, कारण क्लायंटनं काय झाकलंय ते शोधणं हाच आपला धंदा, आणि तो स्वतः झाकण्यात पटाईत झालेला असतो.

तू सध्या या दोन्हींच्या मध्ये उभी आहेस. व्हाउचर झाकलंयस, पण मला लिहिलंस. तेव्हा अजून काही बिघडलेलं नाही.

आता सांगायचं कसं. "सर, सॉरी, माझी चूक झाली" अशी सुरुवात करू नकोस. त्यानं बोलणं तुझ्याभोवती फिरायला लागतं आणि व्हाउचर बाजूला राहतं. आधी क्लायंटच्या अकाउंटंटकडून ते व्हाउचर आणि त्यामागचं बिल मागव. मिळालं तर नीट बघ: तारीख, रक्कम, कोणाच्या नावानं, कोणाची मंजुरी, जीएसटी बरोबर लावलाय का, खर्च योग्य खात्यात पडलाय का. मग वर्किंग पेपरवर आजची तारीख घालून खरं काय ते लिही. जुन्या टिकला गिरवून आजची करू नकोस, नवी नोंद जुन्या तारखेनं तर अजिबात नको. आणि सरांना सांग: "सर, अमुक नंबरचं, इतक्या रकमेचं व्हाउचर मी त्या दिवशी न बघता टिक केलं होतं. आता बघितलंय, बरोबर आहे" किंवा "अजून मिळालेलं नाही." त्याच दिवशी घाईत केलेली आणखी कामं असतील तर तीही त्याच दमात सांग. व्हाउचर मिळालंच नाही तर ते जास्त महत्त्वाचं. "फाईल सापडत नाही" हे कधी कधी क्लायंटकडचं सगळ्यात बोलकं उत्तर असतं.

ते रागावतील. रागावू देत. तू लक्ष कशाकडं द्यायचंस ते सांगते. पहिल्या तडाख्यानंतर ते काय विचारतात? "रक्कम किती? अजून कुठली राहिलीत? चल, ती यादी काढ" असं कामाकडं वळले, तर या माणसाकडं राहा, कितीही लाल शाई सोसावी लागली तरी. पण पुढचे पंधरा दिवस येताजाता तेच ऐकवलं, ऑफिसभर सांगितलं, "तुझ्याकडून दुसरी अपेक्षाच नव्हती" म्हणाले, तर तू पुन्हा कधी आपणहून काही सांगणार नाहीस आणि हे त्यांनाही कळायला हवं होतं. मग बदलीचा विचार खुशाल कर.

माझा अंदाज? ते पहिल्या तऱ्हेचे असावेत. अंदाज रिक्षावरून बांधतेय. आचरेकर सरांचा दाखला बाबांनी दिला तो खराच आहे. सचिननं १६ नोव्हेंबर २०१३ ला वानखेडेवर निरोपाच्या भाषणात सांगितलं होतं की सरांनी कधीच 'वेल प्लेड' म्हटलं नाही, मुलगा सुस्तावेल म्हणून. घराघरांत ते वाक्य पोचलं आणि न कौतुक करणाऱ्या प्रत्येक साहेबाला ढाल मिळाली. त्याच भाषणात त्यानं स्कूटरचंही सांगितलं होतं: सर स्वतःच्या स्कूटरवर मागं बसवून त्याला या मैदानावरून त्या मैदानावर सामने खेळायला न्यायचे. ते कोणी सांगत नाही. तोंडानं कौतुक न करणारे खंडीभर सापडतात, स्कूटर काढणारे थोडे. तुझे सर रात्री जिना उतरून रिक्षाचा नंबर लिहून घेतात. तुझी फाईल चारदा परत येते याचा अर्थ त्यांनी ती चारदा वाचली. तुझ्या वयाच्या किती मुलांचं काम असं कोणी ओळ न ओळ वाचतं, ते आसपास विचारून बघ.

आईची म्हण मात्र मला मान्य नाही. टाकीचे घाव सोसायला दगडाला पर्याय नसतो, त्याला बदलीचा फॉर्म भरता येत नाही. तुला येतो. शिवाय घाव कुठं पडतोय हे बघायला नको का? समासातला 'का?' कामावर पडलेला आहे. 'ही फाईल आहे की रद्दी' हेसुद्धा, ओढूनताणून, फाईलबद्दल आहे असं म्हणता येईल. पण ते परक्या ऑफिसात, ज्याच्याकडून तुला कागद काढून घ्यायचेत त्या माणसासमोर म्हटलं गेलं. हे मी सोडून देणार नाही, तूही देऊ नकोस.

सीझन ओसरला की सरांकडं दहा मिनिटं माग. रडले, वाईट वाटलं, हे सांगायला हरकत नाही, पण त्याच्या आधी कामाचं सांग: "सर, माझ्या चुका दाखवा, लेखी द्या, ऑफिसात सगळ्यांसमोर बोललात तरी चालेल. पण क्लायंटच्या अकाउंटंटसमोर नको. त्या दिवसापासून तो माझ्या क्वेरींना उत्तरं देत नाही, 'तुमच्या सरांशीच बोलतो' म्हणतो." असं खरंच घडत असेल तरच म्हण, पण बहुतेक घडत असणार. लहान गावात, लहान फर्ममध्ये आर्टिकलचं सगळं वजन क्लायंटच्या अकाउंटंटला काय वाटतं त्यावर असतं, आणि तो माणूस तुझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा असतो. ऑडिटरकडून आलेल्या ज्या मुलीच्या फाईलला त्याच्यादेखत रद्दी म्हटलं, तिला तो कपाटाची किल्ली कशाला देईल? ते व्हाउचर त्या दिवशी 'सापडत नव्हतं' त्याच्यामागं हेच तर नव्हतं ना, तेही मनाशी तपासून बघ. सरांसारख्या माणसाला हा मुद्दा तुझ्या अश्रूंपेक्षा लवकर पटेल. वाईट वाटतं खरं, पण तसंच असतं.

साडेनऊचं. आर्टिकलसाठी सीएंच्या इन्स्टिट्यूटनं आठवड्याला किमान ३५ तास धरलेत. सप्टेंबरअखेरीस टॅक्स ऑडिटच्या तारखा डोक्यावर आल्या की ते ३५ कोणी मोजत बसत नाही, मीही मोजले नाहीत. पण सीझनचं काम सीझनमध्येच राहिलं पाहिजे. बारा महिने साडेनऊ होत असतील तर ते काम तुला शिकवण्यासाठी नाही, एका माणसाची जागा वाचवण्यासाठी आहे. २०२४ मध्ये पुण्यात एक तरुण सीए मुलगी नोकरीला लागल्यावर काही महिन्यांतच गेली, आणि तिच्या आईनं कंपनीच्या प्रमुखांना कामाच्या ताणाबद्दल लिहिलेलं पत्र देशभर वाचलं गेलं. त्या पत्रानंतर 'आमच्या वेळी आम्ही रात्र रात्र बसायचो' असं अभिमानानं सांगायची मला तरी लाज वाटते. झोप उडाली, जेवण तुटलं, छातीत धडधडायला लागलं, तर सीझन असो वा नसो, घरी सांग, डॉक्टरांकडं जा आणि सरांना कळव. मंजुरी मागू नकोस, कळव.

मैत्रिणीबद्दल फार लिहीत नाही. तीनला घरी जाणाऱ्या सगळ्याच आर्टिकलशिप डमी, म्हणजे नुसत्या कागदावरच्या, नसतात, पण बऱ्याच असतात, आणि मुलाखतीत "बँक रेकोमध्ये जुना, न वटलेला चेक दिसला तर काय केलंस?" एवढं विचारलं की कळतं. आर्टिकलशिपच्या नव्या योजनेत, १ जुलै २०२३ पासून, तीनाची दोनच वर्षं झालीत. त्यातलं एक तुझं जवळजवळ संपलंय. हिशेब तिचा तिला करू दे.

बदलीचे नियम आणि कारणं इन्स्टिट्यूटच्या संकेतस्थळावर आहेत, ती आजच वाचून ठेव, अर्ज करायचा नसला तरी. दार कुठं आहे हे ठाऊक असलं की खोलीत बसणं सोपं जातं.

राहता राहिली ज्युनिअर. सरांचा सूर तुझ्या गळ्यात उतरला यात नवल नाही, सगळ्यांचंच तसं होतं. आमचे सर फाईल टेबलावर आपटायचे. आमच्यातल्या निम्म्या जणांनी पुढं स्वतःच्या आर्टिकल्सच्या फायली आपटल्या, आणि टिकच्या शेजारी तारीख घालायची सरांची सवय मात्र त्यातल्या फार थोड्यांनी उचलली. आपटणं सोपं असतं ना! उद्या तिला चहाला ने आणि ओरडलीस त्याबद्दल एका वाक्यात माफी माग, लांबण लावू नकोस. मग तिची फाईल घेऊन बस आणि जिथं शंका येईल तिथं पेन्सिलीनं 'कुठे बघितलं?' एवढंच लिही. आणि तिला सांगून टाक की न बघता टिक केलेलं काही असेल तर तुझ्याकडं आधी यायचं, कितीही वाजले असोत. तिनं पहिल्यांदा असं काही आणून दिलं की तोंड वाकडं न करता "रक्कम किती?" असं विचार.

— ताई